अक्कलहुशारीने

“रात्री झोप लागते का आजी?” डॉक्टरांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं, “लागते, पण तीनला जाग येते. मग उजाडेपर्यंत नुसती पडून असते.” जेवण? “जेवते. रात्रीचं जरा कमी झालंय.” चक्कर वगैरे? “नाही, तसलं काही नाही.” डॉक्टर माझ्याकडे बघून लिहीत होते, मी त्यांच्या पेनाकडे बघून बोलत होते. आई शेजारच्या खुर्चीत मांडीवरच्या पर्सचा चाप एकदा उघडत होती, एकदा मिटत होती. त्या चापाचा टक् असा बारीक आवाज मला ऐकू येत होता, पण तो का येतोय याच्याकडे लक्ष गेलं नाही. सात-आठ मिनिटांत आम्ही बाहेर पडलो. औषधं घेतली, रिक्षा केली. चौकात सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा आई समोरच्या काचेतून बघत म्हणाली, “मला विचारलं होतं त्यांनी.”

एवढंच. मग घर येईपर्यंत ती काही बोलली नाही.

आई ७८ वर्षांची आहे. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेली. वर्गात एकाला प्रश्न विचारला आणि दुसऱ्याने मध्येच उत्तर दिलं, तर ती त्या दुसऱ्याला खाली बसवायची, उत्तर बरोबर असलं तरी. मी तिच्याच शाळेत होते, त्यामुळे “मी त्याला विचारलंय” हे मी स्वतः ऐकून घेतलेलं आहे. आम्ही सगळे एकाच इमारतीत राहतो. आई वर दादा-वहिनीकडे, मी खालच्या मजल्यावर. पहाटे तीनच्या सुमारास तिच्या खिडकीचा पिवळा उजेड समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर पडतो, तो माझ्या स्वयंपाकघरातून दिसतो. तिच्या झोपेबद्दलची माझी सगळी माहिती त्या भिंतीवरची. त्याच संध्याकाळी वहिनीकडून कळलं की गेल्या पंधरवड्यात आईला दोनदा चक्कर आली होती. भिंत धरून उभी राहिली, मग चक्कर गेली. वहिनीला कसं ठाऊक? तिने विचारलं होतं. मी विचारलं नव्हतं, कारण मला आईचं सगळं ठाऊक असतं असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं, एक गोळी बदलली. गोष्ट तिथे मिटायला हवी होती. पण रिक्षातलं ते वाक्य मनातून जाईना, आणि ते मला आधी घेऊन गेलं काकांच्या खाटेपाशी.

काका म्हणजे कागदपत्रांचा माणूस. प्रत्येक फाइलला वर लेबल, लेबलावर गोलसर अक्षरात नाव, आणि फाइलच्या आत पहिल्या पानावर अनुक्रमणिका. त्यांच्या पाठीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा, महिना-दोन महिने आपण आडवे असताना घराची आणि बँकेची कामं अडू नयेत म्हणून त्यांनी काकूच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. मसुदा मला वाचायला दिला होता. कोर्टकचेरीच्या मराठीची मला लहानपणापासून ओढ आहे. ‘लिहून घेणार’, ‘लिहून देणार’, ‘कारणे लिहून देतो ऐसाजे’; जुन्या वाड्याच्या माजघरात शिरल्यासारखं वाटतं. आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: हे मुखत्यारपत्र मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून दिले असे. मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा काकांनी काकूकडे बघून मान हलवली होती. मुखत्यार हा शब्द मुळात अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा अर्थ निवडलेला. आपण ‘माझ्या अखत्यारीत’ म्हणतो तो अखत्यारही त्याच धातूतला. निवड आणि अधिकार एकाच मुळातून फुटलेले. काकांनी काकूला निवडलं होतं, तीन पानांच्या कागदावर, पूर्ण शुद्धीत.

पाठीचं ऑपरेशन सुरळीत पार पडलं, तो कागद वापरायची वेळच आली नाही. त्यानंतर दोन वर्षांनी एका सकाळी दाढी करताना काका खाली पडले. मेंदूत रक्तस्राव. डोळे उघडायचे, छतावरच्या पंख्याकडे बघायचे, पण आपण कोण, समोर कोण, याचा पत्ता नाही. चौथ्या दिवशी काकूला ती फाइल आठवली. मीच तिच्याबरोबर बँकेत गेले. अधिकारी चांगला माणूस होता, त्याने आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं, कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग त्याने विचारलं, “काका शुद्धीवर आहेत ना?” काकू म्हणाली, “डोळे उघडतात, पण ओळखत नाहीत.” त्याने कागद मिटला आणि हळूच तिच्याकडे सरकवला. ज्याने मुखत्यारपत्र दिलं त्याची मनाची शुद्ध गेली की मुखत्यारपत्र संपतं, असं त्याने सांगितलं. काकूला वाटलं तिच्या ऐकण्यात चूक झाली. “अहो, पण ते असे झाले म्हणूनच तर मी हा आणलाय.”

तिचं ते वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

अधिकारी चुकला नव्हता. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २०१ प्रमाणे नेमणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची मती ढळली की त्याने नेमलेल्याचा अधिकार तिथेच थांबतो. विचार असा की मुखत्यार म्हणजे मालकाचा लांबवलेला हात. मालकाचंच मन जाग्यावर नसेल तर हाताला हुकूम कोण देणार? तर्क म्हणून हे समजतं. पण माणसं मुखत्यार नेमतात तीच मुळी या धास्तीने की उद्या मला कळेनासं झालं तर काय. छत्री हवी म्हणून घ्यावी आणि पाऊस पडायला लागताच ती आपोआप मिटावी, तसं काकूचं झालं. मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलायला लागतं. मुखत्यारपत्र माणूस शुद्धीत असेपर्यंत बोलतं. या दोन्हीच्या मधला जो काळ आहे, आणि आता तो पाच-पाच, दहा-दहा वर्षांचा असू शकतो, त्या काळात माणसाच्या पैशाबद्दल, घराबद्दल बोलणारा साधा घरगुती कागद आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने १९५४ मध्येच शुद्ध गेल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राची सोय केली. इंग्लंडने १९८५ मध्ये तसा कायदा केला, पुढे २००५ च्या कायद्याने तो सुधारला आणि पैशासाठी एक, प्रकृतीच्या निर्णयांसाठी एक अशी दोन वेगळी मुखत्यारपत्रं आणली. जपानने २००० पासून, शुद्धीत असताना आपला पालक आपणच ठरवून ठेवण्याचा करार मान्य केला. आम्ही मात्र जो कायदा धरून बसलो आहोत, तो झाला तेव्हा अशा अवस्थेतल्या माणसाला वर्षानुवर्षं जगवण्याची साधनंच नव्हती.

अधिकाऱ्याने एक वाट सुचवली. आजारी माणसाला सही करता येत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा माणूस असतो, आणि गरज पडली तर बँकेचा माणूस हॉस्पिटलात येतो. “पण त्यांना काय चाललंय ते कळायला हवं,” असंही तो म्हणाला. नात्यातल्या एकाने पहिला अर्धा भाग तेवढा ऐकला. बँकेच्या माणसाला मागून आणू, आधी एकदा करून तर बघू, म्हणून तो दुसऱ्या दिवशी निळ्या शाईचं पॅड आणि एक कोरा अर्ज घेऊन आला. काकांचा उजवा हात चादरीवर पडलेला होता, सुईच्या पट्टीने आवळलेला, बोटं थोडी आत वळलेली. काकूने त्यांचा अंगठा धरला, सरळ केला, पॅडवर टेकवला. निळी शाई त्या अंगठ्याच्या रेषांमध्ये भरली. कागदापर्यंत हात नेला आणि ती थांबली. किती वेळ थांबली मला सांगता येणार नाही, मॉनिटरची टिकटिक तेवढी होती. मग तिने पदराचं टोक तोंडातल्या थुंकीने ओलं केलं, लहान मुलाचं काजळ पुसतात तसा तो अंगठा पुसत बसली आणि म्हणाली, “हा त्यांचा अंगठा नव्हे. हा माझा आहे, त्यांच्या हातातून.”

शाई पूर्ण गेली नाही. नखाच्या कडेला पुढे दोन-तीन दिवस निळी रेघ होती.

मग उच्च न्यायालय. अल्पवयीन मुलांसाठी पालक नेमायचा कायदा १८९० पासून आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. पण मेंदूत रक्तस्राव होऊन पडलेला ७१ वर्षांचा गृहस्थ या कुठल्याच दारातून आत जात नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घ्यायची वाट होती. त्याच्या जागी २०१७ चा नवा कायदा आला, तो माणसाच्या हक्कांच्या बाबतीत कितीतरी पुढचा आहे, पण त्यात मालमत्तेची ही वाट राहिली नाही. म्हणून लोक राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाऊन ‘मला माझ्या नवऱ्याची पालक नेमा’ असं मागतात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, मुंबई उच्च न्यायालयानेही अशा पालक-पत्नी नेमलेल्या आहेत. वैद्यकीय मंडळाचा अहवाल, घरी येऊन चौकशी, मालमत्तेची यादी, वारसांची ना-हरकत. न्यायालयं काळजीने काम करतात, यात शंका नाही. कोणाच्या तरी आयुष्यभराच्या कमाईची चावी दुसऱ्याच्या हातात देताना असा विचार व्हायलाच हवा. पण ज्या माणसाने स्वतःच्या गोलसर अक्षरात सही करून ‘ही माझी मुखत्यार’ असं सांगून ठेवलं होतं, त्याच्या बायकोला पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावं लागलं की ती त्याचं भलं बघेल. मध्ये नोव्हेंबर आला. पेन्शनरांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो काकांचाही झाला, त्यांच्या खोलीत येऊन झाला. कागदोपत्री काका हयात होते. पेन्शन खात्यात जमा होत होती. तिला हात लावता येत नव्हता, आणि काकू नणंदेकडून उसने घेऊन रात्रीच्या नर्सचे पैसे भागवत होती. आदेश हातात पडला तेव्हा काका पडून नऊ महिने झाले होते. त्यानंतर ते सहा आठवडे होते.

काकांच्या तेराव्याला आईने काकूची ती फाइल मागून घेतली आणि घरी येऊन सबंध वाचली. आमच्या घरात हा विषय निघाला तो तिच्यामुळे. लोक समजतात म्हाताऱ्या माणसांपुढे असं काही बोलू नये. माझा अनुभव उलट आहे. बोलायला तीच तयार असतात, ऐकायला आपण नसतो. “मला कळेनासं झालं तर माझं कोण बघणार, हे मला कळतंय तोवर ठरवू दे,” असं ती दोन दिवाळ्या म्हणत होती. मी दोन्ही वेळा “तुला काही होत नाही” म्हणून विषय बदलला. शेवटी तिने दादाला सांगून वकीलबाईंना घरी बोलावलं. रिक्षातल्या त्या दिवसाला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते.

वकीलबाईंनी सगळं नीट फोड करून सांगितलं. पैशाच्या बाबतीत कलम २०१ चा अडसर आहेच. त्यातून खाती संयुक्त ठेवता येतात, किंवा १८८२ च्या न्यास (ट्रस्ट) कायद्याप्रमाणे विश्वस्त नेमून मालमत्ता त्यांच्याकडे सोपवता येते, कारण न्यास माणसाची शुद्ध गेली म्हणून मोडत नाही. आईची मालमत्ता म्हणजे एक खातं आणि थोड्या ठेवी, तिने लगेच संयुक्त करायचं ठरवलं. प्रकृतीच्या बाबतीत मात्र दोन दारं उघडी आहेत हे मलाही तोवर नीट माहीत नव्हतं. एक म्हणजे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. त्याच्या कलम १४ प्रमाणे आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतो, साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून. स्टॅम्प पेपरसुद्धा लागत नाही. हा मानसिक आजाराच्या उपचारांपुरता, पण आजाराच्या व्याख्येत भान आणि स्मृती यांतले गंभीर बिघाडही येतात. दुसरं दार सर्वोच्च न्यायालयाचं. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मान्य केलं की बरं होण्याची आशा नसताना कुठले उपचार नकोत हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो, आणि आपण बोलू शकत नसू तेव्हा आपल्या वतीने कोण बोलेल त्याचं नावही त्यात घालू शकतो. सुरुवातीला यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावं लागे, ते कोणाच्याने होईना. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ते सोपं केलं: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. नावं एकापेक्षा जास्त घालता येतात. वेळ आली तर हॉस्पिटलातल्या डॉक्टरांचं एक मंडळ आणि वर दुसरं मंडळ बघतं, म्हणजे एकट्या माणसाच्या हातात काही राहत नाही.

हे सगळं ऐकताना मला अरुणा शानबाग आठवत होती. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातली परिचारिका, १९७३ च्या नोव्हेंबरातल्या हल्ल्यात मेंदूला इजा झाली आणि मग जवळजवळ ४२ वर्षं त्याच हॉस्पिटलात पडून. तिचे उपचार थांबवावेत का, हा प्रश्न लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला, तेव्हा न्यायालयाला आधी वेगळाच प्रश्न सोडवावा लागला: अरुणाच्या वतीने बोलायचं कोणी? तिने कोणाचं नाव सांगितलेलं नव्हतं, सांगायला तिला वेळच मिळाला नाही. २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की तो हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, ज्यांनी तिला इतकी वर्षं न्हाऊ-माखू घातलं, भरवलं, तिच्या अंगावर अंथरुणाची जखम होऊ दिली नाही. त्यांचं म्हणणं होतं, ती जगू दे. ती १८ मे २०१५ ला गेली. मी त्या परिचारिकांबद्दल कधी आदराशिवाय विचार केलेला नाही, आणि विराणींच्या कळवळ्याबद्दलही नाही. पण दोन्ही बाजू जिच्यासाठी भांडत होत्या, तिने पंचविशीत कुठल्याशा कागदावर चार ओळी लिहिल्या असत्या तर काय लिहिलं असतं, या विचाराशी माझं मन अजून अडतं.

आईने चार ओळी नव्हे, अडीच पानं लिहून आणली होती. फुलस्केपला डावीकडे समास सोडून. मला नळीने भरवून ठेवू नये. यंत्रावर श्वास चालवू नये. दुखत असेल तर दुखणं थांबवावं, त्याने गुंगी आली तरी चालेल. माझ्याशी लहान मुलासारखं बोलू नये. मला खिडकीशी ठेवावं. मला काही कळत नसलं तरी माझा चष्मा डोळ्यांवर असू द्यावा. वकीलबाई म्हणाल्या, चष्मा-खिडकी कायद्याच्या कागदात बसणार नाही, पण सोबत जोडून ठेवू, प्रतिनिधीला उपयोगी पडेल. मग त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, “प्रतिनिधी कोण, आजी?” मी ओळखपत्र काढायला पर्समध्ये हात घातला होता. आई म्हणाली, “सून.”

माझा हात पर्समध्येच राहिला.

वहिनीलाही धक्का बसला, ती म्हणाली, “आई, अहो, हिचं घाला ना, मी आहेच की.” आईने तिचं नाव पुन्हा सांगितलं, संपूर्ण, माहेरच्या आडनावासकट, आणि दुसरं नाव म्हणून दादाचं. वकीलबाईंनी अनुभवाने काहीही विचारलं नाही, लिहून घेतलं. आईने मसुद्यातल्या ‘प्रतीनीधी’चे दोन ऱ्हस्व-दीर्घ तिथल्या तिथे दुरुस्त केले. चहा झाला. मी खाली आले आणि भांडी घासत बसले, घासून झालेली पुन्हा. त्या रात्री माझ्या मनात काय काय आलं ते लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. मुलगी मी. औषधांचे डबे भरते मी. हॉस्पिटलात नेते मी. आणि मग, सगळ्यात वाईट: तिचं वय झालंय, तिला नीट कळत नसेल. चार वर्षांपूर्वी मी काकूसाठी त्या २०१७ च्या कायद्याची पानं छापून आणली होती, ती काढून वाचत बसले. कलम ४ असं सांगतं की एखाद्याने आपल्या उपचारांबाबत घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा वाटला, तर तेवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरता येत नाही. कायद्याच्या पुस्तकातलं एक वाक्य आपल्या मनात आत्ता आलेल्या विचारालाच उत्तर देतं, हे वाचून मला लाज वाटली. भिंतीवर उजेड पडला तेव्हा तीन वाजले होते.

आईने मला दोन दिवसांनी वर बोलावलं. ती गव्हातले खडे वेचत होती, ताट माझ्याकडे थोडं सरकवलं, मीही वेचायला लागले. “तुला लागलं,” ती म्हणाली. मी काही बोलले नाही. “बाबांच्या वेळी तू सही केलीस. आठवतं?” आठवत होतं. नऊ वर्षं झाली. रात्री दीडला डॉक्टरांनी फॉर्म पुढे केला, व्हेंटिलेटर लावायचा का. मी म्हटलं, सगळं करा, जे करता येईल ते सगळं करा. नात्याच्या रकान्यात ‘मुलगी’ लिहिलं आणि सही केली. बाबा त्यावर आठ दिवस होते. “मी बाहेर बाकावर बसले होते,” आई म्हणाली. “तू माझ्यासमोरून दोनदा गेलीस. मला काही विचारलं नाहीस.” एक खडा तिने बाजूला ठेवला. “आणि त्यांचे मित्र तसे पडले होते तेव्हा बाबा त्यांना बघून आले, पाय धुताना मोठ्याने म्हणाले होते, मला असं ठेवू नका. तू तेव्हा इथेच उभी होतीस, टॉवेल घेऊन.”

मी होते. टॉवेल निळ्या रेघांचा होता, हेही मला त्या क्षणी आठवलं. बाबांचं ते वाक्य मात्र नऊ वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. “वाईट केलंस असं मी म्हणत नाही,” आई म्हणाली. “मीसुद्धा कदाचित तीच सही केली असती. पण तुला बाबांचं ऐकू येत नव्हतं, तुला तुझंच ऐकू येत होतं. माझ्या वेळीही तसंच होईल. मग माझ्यामागे तू ते घेऊन बसशील.” ती थोडा वेळ थांबली. “ती एकोणीस वर्षं झाली तरी विचारते, आई, तुम्हाला अर्धा कप देऊ की पाऊण?” मला रडू आलं, आणि तिने मला थांबवलं नाही. गहू वेचून झाले, तिने ताट हलवून पुन्हा एकदा पसरले.

नंतर वहिनीशी बोलले. तिला झोप नव्हती. “अगं, मला नाही म्हणावंसं वाटतंय,” ती म्हणाली, “उद्या मी आईंनी लिहिलंय तसं केलं तर तुम्ही दोघं भावंडं मला माफ कराल का?” हा प्रश्न मला सुचला नव्हता. नेमणारी माझी आई, नेमलेली वहिनी, आणि त्या दोघींच्या कागदाला आधार द्यायचा की तो आतून पोखरायचा हे पुष्कळसं माझ्यावर, जिचं नाव त्यात नाही तिच्यावर. कायद्याने माझी सही लागत नव्हती. तरी मी आईच्या त्या अडीच पानांची प्रत मागून घेतली, स्वतःच्या हाताने उतरवून काढली, आणि खाली ‘वाचलं’ असं लिहून सही केली. ती वहिनीकडे दिली. नोटरीकडे दोन साक्षीदारांसह जाऊन मूळ कागद पूर्ण झाला, एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे, एक पालिकेत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची होती ती दादाने नेऊन दिली. मसुद्याच्या शेवटी तेच वाक्य होतं, राजीखुशीने व अक्कलहुशारीने. आईने त्यावरून बोट फिरवत सही केली, शाळेच्या हजेरीपटावर करायची तशी, पूर्ण नावाची.

मागच्या गुरुवारी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मी खुर्ची थोडी मागे ओढून बसले. “झोप कशी आहे?” डॉक्टरांनी सवयीने माझ्याकडे बघून विचारलं. मी आईकडे बघितलं. पर्सचा चाप एकदा उघडला, मिटला. ती बराच वेळ काही बोलली नाही, इतका की डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, आणि मला तोंडातले शब्द दातांमागे धरून ठेवावे लागले.

“ही म्हणते तीनला जाग येते,” आई म्हणाली. “जाग मला दीडलाच येते. तीनला मी दिवा लावते.”